नवसाची दाढी

आमच्या घराण्यात खरी दाढी एकदाच राखली गेली, असं माझी आई सांगते. ती दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं राखली होती, आमचे वडील आजारी होते तेव्हा. मी रविवारी राखतो ती आईच्या लेखी दाढी नव्हे, तो गबाळेपणा. इथे ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिन भागात, जुलै महिन्यात सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो. अशा थंडीत माणसानं एक दिवस गालांना गरम राहू दिलं तर काय बिघडलं? पण आई सोफ्यावरून बघते आणि विचारते, "काय रे, नवस बोललायस का कुणासाठी? नाही ना? मग कर दाढी." पन्नाशी उलटलेला मी उठतो आणि करतो.

वडील गेले तेव्हा आम्ही चिंचवडला कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. मी नुकता पहिल्या नोकरीला चिकटलो होतो. दादा काही वर्षं आधीच कॅनडात गेला होता, तिथल्या एका कारखान्यात इंजिनीअर म्हणून. होळीच्या सुमारास वडिलांचं दुखणं निघालं आणि मे संपता संपता ते गेले. मधला दवाखाना, डबे, रक्ताच्या बाटल्यांसाठी धावाधाव, सगळं माझ्याकडे होतं. माझ्याकडे होतं म्हणजे दुसरं कुणी नव्हतं. अग्नीही मीच दिला, कारण दादा पोचला तो तिसऱ्या दिवशी.

दारात उभा राहिला तो दाढीसकट. गालभर, काळीभोर, चांगली महिना-दीड महिन्याची दाढी. घरात भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या. आत्यानं विचारलं, हे काय रे? दादानं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नवस बोललाय तो. ह्यांना बरं वाटेपर्यंत वस्तरा लावणार नाही म्हणून." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दाढी पाहिली आणि तिला कळलं. बाप अंथरुणाला खिळलेला, मुलगा सातासमुद्रापार आणि गालावर वाढलेलं रान. आमच्याकडे याचा दुसरा अर्थ होत नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दादानं मान खाली घातली. तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. तो काहीच बोलला नाही.

दहाव्याला घाटावर न्हाव्यानं त्याचं डोकं केलं आणि दाढीला हात घातला तसा दादा मागे सरकला. ही राहू दे, म्हणाला. गुरुजी चक्रावले. काकांनी त्यांच्या कानात नवसाचं सांगितलं. गुरुजींना त्या दिवशी अजून दोन ठिकाणी जायचं होतं. ते म्हणाले, नवस म्हणजे देव आणि तो यांच्यातला मामला, आपण कशाला मध्ये पडा. माझी मात्र मिशीसुद्धा गेली. ती मी फार मेहनतीनं वाढवली होती आणि योग्य उजेडात मला स्वतःला ती दिसतही असे. पिंडाला कावळा लगेच शिवला. ते नवसामुळे, असं आई आजही सांगते.

आता मला काय ठाऊक होतं ते सांगतो. दादा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचा, ऑफिसला फोन करायचा म्हणून. सोबत मी, कारण सुतकात त्याला एकटं सोडू नको असं आईनं बजावलं होतं. काचेच्या आड तो इंग्रजीत विचारायचा, किती झाले, कुणी मारला, गोलकीपर बरा आहे का. मला वाटायचं, कारखान्यातली काही सांकेतिक भाषा असेल. एक दिवस तो बूथमधून बाहेर आला तो चक्क हसत. मग रसवंतीत बसून त्यानं मला समजावलं. तिकडे बर्फावरचं हॉकी असतं, पायात पात्यांचे बूट घालून खेळतात, चेंडूऐवजी रबराची काळी चकती. शेवटची दोन टोळकी उरली की त्यांच्यात सातपर्यंत सामने होतात, जो आधी चार जिंकेल तो विजेता. त्या वर्षी दादाच्या शहराचा संघ शेवटपर्यंत पोचला होता. आणि तिकडची रीत अशी, की बाद फेरी सुरू झाली की खेळाडू दाढी करत नाहीत, जिंकेपर्यंत किंवा घरी जाईपर्यंत. त्यांच्याबरोबर शहरही करत नाही. दादाच्या अख्ख्या कारखान्यानं वस्तरे बाजूला ठेवले होते.

"मी काढली आणि आपण हरलो ना, तर मला गेटातून आत घेणार नाहीत रे," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवून, "आईला बोलू नको."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत गेला. रजा नाही म्हणाला. आई म्हणाली, परक्याची चाकरी, काय करणार. सातवा सामना तोंडावर आला होता, हे मला ठाऊक होतं. तो त्याचा संघ हरला. हे नंतर त्यानंच फोनवर सांगितलं, आवाज असा की मी पटकन विचारलं, अजून कोण गेलं?

मी आईला बोललो नाही. आधी दादानं सांगितलं म्हणून. नंतर आईच्या तोंडाकडे बघून, कारण त्या वर्षात तिच्याजवळ चांगलं असं ते एकच होतं. आणि त्याही नंतर सवयीनं. दादाचं पितळ उघडं पाडायचं माझ्या मनात कधी नव्हतं, असं मी बायकोला सांगतो. बायको म्हणते, होतंच, फक्त ते आपोआप पडावं आणि तू तिथे हजर असावंस, एवढीच तुझी अपेक्षा. बायकोचं निदान सहसा चुकत नाही. मला काय हवं होतं ते सांगायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. आईनं एकदा, चारचौघांत नको, भाजी निवडताना का होईना, म्हणावं, की त्या वेळी धाकट्यानं सगळं केलं. बस.

त्याऐवजी मला दाढी ऐकावी लागली. लग्न झाल्यावर आईनं ती माझ्या बायकोला सांगितली, मग माझ्या मुलीला, बाळकडूसारखी. गेली काही वर्षं आई कायमची आमच्याकडे आहे, त्यामुळे कॅनबेरातल्या निम्म्या मराठी घरांना दाढी पाठ आहे. गणपतीच्या जेवणात कुणी नवा मुलगा मेलबर्नच्या क्लेटनहून नोकरीसाठी इकडे आलेला दिसला की आई त्याला शेजारी बसवून घेते. सगळं ऐकून तो मुलगा माझ्याकडे आदरानं बघतो आणि म्हणतो, काका, ग्रेट. मी म्हणतो, तो मी नव्हे.

यंदा जुलैत दादा तीन आठवड्यांसाठी आला. निवृत्त झालाय. वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून एकटाच. आला तो गुळगुळीत दाढी करून, सुगंध मारत. आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, बघ, कसा टवटवीत दिसतो.

माझी मुलगी युनिला, म्हणजे विद्यापीठात आहे. मैत्रिणींनी तिला बर्फावरच्या हॉकीचा नाद लावलाय. शहराच्या दुसऱ्या टोकाला रिंक आहे, तिथे मी तिला नेतो, आणतो, मधला वेळ थंडगार बाकावर कुडकुडत बसतो. परतताना एखादा नियम विचारला की ती म्हणते, डॅड, नॉट नाउ. दादा आल्यावर तो माझ्या जागी बाकावर बसायला लागला. येताना गाडीत दोघांचं असं काही रंगायचं की मी निव्वळ ड्रायव्हर. एकदा तर त्यानं मला डावीकडे वळायची खूण केली, बोट दाखवून, भाड्याच्या टॅक्सीवाल्याला करतात तशी.

त्या मे-जूनमधले सातही सामने दादाला इंटरनेटवर सापडले. पूर्ण, जाहिरातींसकट. मग ठरलं, की रोज संध्याकाळी जेवणाआधी आमच्या मोठ्या टीव्हीवर एक बघायचा. काका आणि पुतणी सोफ्यावर, मी चहा-पोह्यांच्या खात्यात, आणि हीटरची गरम हवा येते त्या जाळीवर पाय ठेवून आई तिच्या खुर्चीत. तिला वाटलं होतं कंटाळा येईल. दुसऱ्या सामन्यापासून ती साडेपाचलाच शाल घेऊन हजर. एकानं दुसऱ्याला कुंपणावर आपटलं की म्हणायची, अरे, याला काही वळण? पंच काय गवऱ्या थापतोय का? मारामारी केलेल्या गड्याला काचेच्या खोक्यात पाच मिनिटं बसवतात, ते तिला फार पटलं. आपल्याकडे हे असायला हवं होतं, म्हणाली, आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं.

मी प्रत्येक सामन्याला ताटकळत होतो. पहिल्या सामन्यात दाढ्या नीट दिसत नव्हत्या, हेल्मेटच्या जाळ्या, जुनं चित्र, पांढरा उजेड. दादा बिनघोर होता. त्याच्या दृष्टीनं ती गोष्ट कधीच संपली होती. मीच एकटा तिला सांभाळत बसलो होतो.

सहाव्या सामन्यात दादाचा संघ जिंकला आणि मालिका बरोबरीत आली. शेवटी कॅमेरा बाकावरच्या खेळाडूंच्या तोंडांवरून सावकाश फिरला. एकजात दाढ्या. घामानं चिकटलेल्या, एकाच्या दाढीत रक्त सुकलेलं. आई पुढे वाकली.

"कोण गेलं रे यांच्यात?"

मुलगी हसायला लागली. "आजी, नोबडी डाइड. इट्स अ प्लेऑफ बिअर्ड. हरेपर्यंत शेव्ह करत नाहीत. गुड लकसाठी." आणि मग, अगदी निष्पाप मनानं, "काकानंपण ठेवली होती, दॅट सेम यिअर. अख्ख्या फॅक्टरीनं. काका, टेल हर ना."

रिंकवरून येताना गाडीत त्यानं तिला हे सांगितलं होतं. मीही ते ऐकलं होतं, गाडी चालवता चालवता. चांगली रंगवून सांगितली होती गोष्ट, फक्त तिच्यात आमचे वडील नव्हते.

आईनं विचारलं, हे कधीचं? मुलीनं टीव्हीच्या कोपऱ्यातला आकडा वाचून दाखवला. आईचे सगळे हिशेब त्या वर्षापासून पुढे आणि मागे मोजले जातात, तिला बोटं मोजावी लागली नाहीत. टीव्हीवर लोक आनंदानं नाचत होते. बायकोनं रिमोट शोधून आवाज बंद केला. दादा गालिच्याकडे बघत होता, त्या वेळी बघत होता तसाच.

आईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली.

"तू सांग. तुला खोटं बोलता येत नाही."

आयुष्यात तिनं मला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. तेही भर दरबारात. इतकी वर्षं मी जिची वाट बघितली ती घडी अशी तयार होऊन दारात उभी होती, की मला बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी आईकडे पाहिलं. तिनं शालीचं टोक मुठीत धरलं होतं. दवाखान्यात डॉक्टर खोलीतून बाहेर आले की ती पदर असाच धरायची, आणि मग मी त्यांच्याशी बोलून येऊन तिला काहीतरी चांगलं सांगायचो, खरं असो नसो.

"नवसच होता, आई," मी म्हणालो. "बाबांसाठी. हे खेळाचं नंतर जुळून आलं, एवढंच."

आईनं शालीचं टोक सोडलं. मग म्हणाली, "बरं." आणि जेवायला वाढा म्हणाली.

मी स्वयंपाकघरात आमटी गरम करत होतो तेव्हा दादा मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा खांद्यावर हात ठेवेल. मी जरा तयारही झालो होतो, काही नाही रे, असं म्हणायला.

"तू असं नको होतं बोलायला," तो म्हणाला. "मी सांगणारच होतो तिला. या खेपेला ठरवूनच आलो होतो."

मी म्हटलं, मग सांग की, ती काय बाहेरच बसलीय.

"आता कसं सांगणार? आता तू खोटा पडशील."

म्हणजे आता तो माझ्यासाठी गप्प राहणार होता. मी आमटीत पळी फिरवत राहिलो. त्यानं माझ्या मागच्या कपाटातून पापड काढले, ते भाजले, आणि बाहेर जाऊन आईला कुस्करून दिले. पापड थोरल्यानं भाजले याचं टेबलावर कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी सातवा सामना लावायला दादा टाळाटाळ करत होता. आईनंच विचारलं, आज नाही का? मग लावला. मुलगीसुद्धा त्या दिवशी गप्प होती. तिच्या आईनं तिला आत नेऊन काहीतरी सांगितलं असावं. सामना मला काही कळला नाही. दादाचा संघ एका गोलानं मागे होता, शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोलकीपरही काढून घेऊन एक जादा गडी पुढे घातला, आणि तरी व्हायचं ते झालं. भोंगा वाजला. एका बाजूची पोरं हेल्मेटं उधळून एकमेकांच्या अंगावर पडली. दुसऱ्या बाजूची जागच्या जागी उभी राहिली. मग दोन्हीकडचे रांग लावून एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकायला लागले. हरलेल्यांच्या दाढ्या ओल्या होत्या. ती दाढीवाली बाप्ये माणसं रडत होती.

आईनं हात लांब करून दादाच्या गालावर ठेवला. त्या तुळतुळीत गालावर.

"त्या महिन्यात तुझं दोन्हीकडून गेलं रे," ती म्हणाली. "बापही, आणि हेही. आणि बोलायची सोय नाही कुणाशी."

दादा खुर्चीजवळ खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. साठीचा माणूस, हुंदके देऊन. माझ्या बायकोनं डोळे पुसले. मुलगी जाऊन त्याच्या पाठीला चिकटून बसली. ते दृश्य कुणालाही भरून यावं असंच होतं, आणि मीही रडलो असतो, पण मी हिशेब करत होतो. आईला सगळं कळलं होतं. कदाचित आदल्या दिवशी, मुलीच्या तोंडून वाक्य पूर्ण व्हायच्या आत. आणि कळून तिनं काय केलं, तर नवस गेला तिथे दुःख आणून ठेवलं, आधीच्यापेक्षा मोठं. मी खरं बोललो असतो तरी त्याच मांडीवर तेच डोकं आलं असतं. माझ्या खोट्यानं तिचं काही वाचलं नाही आणि दादाचं काही गेलं नाही. दवाखान्यातल्या दिवसांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तेव्हा कुणाकुणाचं काय काय गेलं, त्यात माझी मिशीही धरली नव्हती.

दादा गेल्या आठवड्यात परत गेला. विमानतळावर त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, आईला जप. मी म्हटलं, हो.

सोमवारी आईच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल आला. डॉक्टरबाईंचा फोन मीच घेतला. साखर आटोक्यात आहे, किडनीही ठीक, काळजीचं कारण नाही. खरोखरच तसं होतं. मी आईच्या खोलीत जाऊन तिला सांगितलं. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या मागे दाराकडे बघून बायकोला हाक मारली.

"अगं, जरा तू लाव गं फोन डॉक्टरला. हा म्हणतोय सगळं छान आहे."

मी म्हटलं, आई, मी आत्ताच बोललो त्यांच्याशी. ती म्हणाली, हो, बोलला असशील. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले, तिनं फोन स्पीकरवर लावला. डॉक्टरबाई जरा गोंधळल्या, पण भल्या बाई, त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बायकोनं मराठीत करून दिलं. साखर आटोक्यात, किडनी ठीक.

आईनं शाल सारखी केली आणि उशीला टेकली.

"हां," ती म्हणाली, "आता कळलं."